तीनशे सत्त्याऐंशी

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि मग उघडलं, कारण पाकिटाच्या जाडीवरूनच कळलं होतं की आत बरं काही नाही. काचबिंदू हा शब्द तू इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलायस की खोटं आहे म्हणायलाही जागा नाही. शेजाऱ्यांच्या फोनवर आईच्या बाजूला उभा राहून मला "सगळं ठीक" म्हणालास आणि खरं ते आठ दिवसांनी कागदावर पाठवलंस. बाबांचा मुलगा शोभतोस. तेही म्हणायचे, महत्त्वाचं असेल ते लिहून द्या, तोंडी सांगितलेलं मी ऐकलंच नाही.

डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं म्हणजे मी दहा महिने धरते. आईनं मला पाहून नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीसची होते आणि माझी कंबर होती. आता मी पस्तीसची आहे आणि केस पुढून पांढरे झालेत, पण ते असू दे. तिनं मला एकदा नीट बघावं. डोळे जायचेच असतील तर त्यानंतर जावेत. एवढंच मला हवंय, दादा, याच्या पुढे काही मागत नाही.

मला लॉन्ड्रीतून सप्टेंबरपर्यंत रजा नाही. रुग्णालयाच्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून आईलाच इकडे आणायचं ठरवलंय, दोन महिन्यांसाठी. तिकिटाचे पैसे बिस्किटांच्या डब्यात जमलेत. आमचे हे म्हणाले, आईंना माझी खोली द्या, मी स्वयंपाकघरात झोपतो. व्हिसासाठी एक एजंट बघितलाय, चुरचुरीत बोलतो.

तू एवढं कर. तिचा जन्माचा दाखला, तू नोकरीत असल्याचं पत्र, ती तुझ्याकडे राहते आणि तुझ्याकडेच परत येणार आहे असं प्रतिज्ञापत्र, आणि दोन फोटो. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत असा इथला नियम आहे. कानांचं हे लोक काय करतात देव जाणे.

तुझी छोटी


१९ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. सोबत कागद जोडले आहेत, यादी वेगळ्या पानावर केली आहे. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती आहेत. एक त्यांनी हरवली तर दुसरी असावी. मी स्वतः सरकारी नोकर आहे, मला माहीत आहे काय होतं ते.

फोटोचं सांगतो. फोटोवाला म्हणाला, आजी, इकडे काचेकडे बघा. आई त्याच्या खांद्याकडे बघत राहिली. तिला आता समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. बाजूचं सगळं गेलं आहे. म्हणून ती दाराच्या चौकटीवर आपटते आणि चौकटीलाच दटावते. मी तिची हनुवटी धरून मान सरळ केली तेव्हा तिला काच सापडली. मग ती म्हणाली, "हं, आता दिसला. काढ लवकर, नाहीतर परत हरवेल." फोटोवाला हसला. मी पैसे देऊन पावती घेतली.

तू पाठवलेला लॉन्ड्रीच्या दारातला फोटो ती रोज भिंग घेऊन बघते. भिंगात एका वेळी एकच डोळा मावतो, किंवा नुसतं नाक. काल मला म्हणाली, हिचे तुकडे तुकडे दिसतात, सगळी एकदम कधी दिसणार. मी म्हटलं, उन्हाळ्यात.

माझ्या शाखेत काम नेहमीसारखंच. परदेशी प्रवाशांकडून कोणत्या देशाला किती व्हिसा शुल्क लावायचं, त्याच्या टिपण्या मी एकवीस वर्षं लिहितो आहे. माझी एकही टिपणी साहेबांनी जशीच्या तशी पुढे पाठवलेली नाही, दरवेळी एक तरी शब्द खोडतात. तू म्हणतेस तो बाबांचा वारसा हाच असावा.

एजंटावर फार विसंबू नकोस. पावती प्रत्येक गोष्टीची घे.

तुझा दादा


८ मे

दादा,

नाकारला.

कारण छापील आहे, मी इथं तसंच उतरवते: अर्जदार मुदतीनंतर आपल्या देशात परतेल याची खात्री पटत नाही. बहात्तर वर्षांची बाई, नवरा नाही, जमीनजुमला नाही, डोळे अधू. म्हणजे तिला तिकडे परत जाण्यासारखं काही नाही असं त्यांनी ठरवलं. तू, तुझी खोली, तिची खिडकीतली खुर्ची, या गोष्टी रकान्यात बसत नाहीत.

खिडकीपलीकडची मुलगी वाईट नव्हती. मी म्हटलं, आई आंधळी होतेय, तिला मला बघायचंय. तिनं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाली की तसा रकाना नाही. सहा महिने पुन्हा अर्ज करायचा नाही, आणि भरलेलं शुल्क परत मिळत नाही. एजंटानं लगेच काखा वर केल्या. म्हणे माझं काम अर्ज भरण्याचं, निकालाचं नाही.

एका अर्जापायी माझे तीनशे सत्त्याऐंशी गेले, दादा. तीनशे सत्त्याऐंशी. एवढ्या पैशांसाठी मी किती चादरी इस्त्री केल्या असतील ते मोजायला बसले आणि मधेच सोडून दिलं. आणि इथले लोक आपल्याकडे हुंदडायला येतात, त्यांच्याकडून आपण फक्त एकशेवीस घेतो. वर त्यांचं सामान उचलायला हातही लावतो. आपण का असे आहोत? त्यांनाही एकदा कळू दे ना, खिडकीबाहेर उभं राहणं काय असतं ते.

आईला काय सांगणार आहेस? निदान तिच्या डोळ्यांसमोर तरी खोटं बोलू नकोस. आता मला कळतंय की असं लिहू नये, पण लिहून झालं, खोडत नाही.

छोटी


२४ मे

चि. छोटीस,

तुझं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं, घरी आईनं पाकीट चाचपून ओळखलं असतं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच परत नेला.

एकवीस वर्षं मी परदेशी माणसांच्या सोयीसाठी मान मोडून काम केलं. कुणाला त्रास नको, कुणाची गैरसोय नको. आणि माझ्या आईबद्दल त्यांनी लिहावं की तिला परत येण्यासारखं काही नाही? मला राग क्वचित येतो हे तुला माहीत आहे. आला की मात्र उतरत नाही.

मीही हात चोळत बसलेलो नाही एवढं सांगतो. काय केलं ते लिहिता येणार नाही, सरकारी काम आहे. पण तुझं म्हणणं योग्य जागी, लेखी, पोचलं आहे. आणि एक गोष्ट सांगायला हरकत नाही. या वेळी साहेबांनी माझी टिपणी जशीच्या तशी पुढे पाठवली, एकही शब्द खोडला नाही. मला म्हणाले, "तुमच्यात एवढा पीळ आहे हे माहीत नव्हतं." घरी येताना मी चालत आलो, बस घेतली नाही.

आईला सांगितलं की कागद थोडे कमी पडले, पुन्हा करू. ती म्हणाली, कागद कमी पडायला तू काय झोपला होतास? मी ऐकून घेतलं. तूही धीर धर. सप्टेंबरात तुला रजा आहे, तेव्हा तू इकडे ये. आईनं तिकडे जायचं काय आणि तू इकडे यायचं काय, चेहरा तोच.

तुझा दादा


२ सप्टेंबर

दादा,

रजा मंजूर झाली होती. तीन आठवडे, सलग. मुकादमबाईनं सही करताना "आईला माझाही नमस्कार सांग" म्हटलं. मी नवीन चपला घेतल्या. डब्यात तिकिटाचे पैसे आहेतच, वर व्हिसाचे एकशेवीस आणि थोडे खर्चायला.

तुला आठवतं, मी इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा तू लिहिलं होतंस की शहाणपणाचं केलंस, नोकरी पक्की झाली. त्या शहाणपणापायी मी आता माझ्या आईच्या घरी पर्यटक आहे. अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात. मी लिहिलं, प्रेक्षणीय स्थळं. दुसरा रकाना व्यापार होता.

काल आपल्या वकिलातीच्या खिडकीशी गेले. काचेवर नवा कागद चिकटवलाय, डिंक अजून ओला होता. इथल्या नागरिकांना एकशेवीसचे एकदम तीनशे सत्त्याऐंशी. खाली लिहिलंय, परस्पर समान शुल्क. माझ्या पुढं एक म्हातारा होता, त्याला आपल्याकडचे डोंगर बघायचे होते. तो आकडा वाचून हसला आणि घरी गेला. मला घरी जाता येईना म्हणून बाकावर बसले. शिपायानं दोनदा विचारलं, काही हवंय का.

आणि योगायोग बघ. आईच्या अर्जाला माझे नेमके एवढेच गेले होते. माझं नशीब नवा आकडासुद्धा शोधत नाही, जुनाच परत लावतं. पण मला सांग, अशी फी कुठला शहाणा ठरवतो? चारशे म्हणा, साडेतीनशे म्हणा. तीनशे सत्त्याऐंशी म्हणजे कुणी भाजीवाल्याकडे बसून ठरवल्यासारखं वाटतं. तुझ्या शाखेतून गेलं असेल ना हे? तुला तरी माहीत असेल कोणाचं डोकं ते.

रजा परत केली. आता डिसेंबरात मिळेल, तोवर उरलेले जमवते. संध्याकाळी एका दवाखान्याचे पडदे धुवायचं काम धरलंय. तू मे महिन्यात आईसाठी जे काही केलंस म्हणालास, त्याचं पुढं काय झालं? तिचा अर्ज पुन्हा घेतील का? तिला माझ्यापेक्षा आधी परवानगी मिळाली तर तसंही चालेल.

छोटी


२० सप्टेंबर

चि. छोटीस,

पत्र पोचलं.

शुल्क वर ठरतं. मोठ्या टेबलांवर ठरतं, आमच्यासारखे नुसते लिहून काढतात. योगायोग जगात होतच असतात, आकड्यांच्या मागे लागू नकोस. तुला लहानपणापासून ती खोड आहे. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजायचीस आणि एक जास्त आली की रडायचीस.

आईसाठी मी केलं त्याचं पुढे काही झालं नाही. ते वेगळ्या प्रकारचं काम होतं.

तिचा उजवा डोळा पूर्ण गेला. दहा तारखेला सकाळी उठली आणि म्हणाली की खिडकी बंद का केलीस. खिडकी उघडीच होती. डॉक्टर म्हणतात आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, डावा जपा. थेंब दिवसातून चार वेळा घालतो, दुपारच्या वेळेला कचेरीतून येऊन जातो. डाव्या डोळ्यानं तिला अजून वाटीएवढं दिसतं. वाटीत तू मावशील असं ती म्हणते.

मी तुला पैसे पाठवू शकलो असतो तर पाठवले असते. आमच्याकडून बाहेर पाठवायला परवानगी लागते, आणि ती सख्ख्या नात्यातल्या परदेशी नागरिकाला मिळत नाही. हा नियम मी कधी वाचला नव्हता. परवा वाचला.

डिसेंबरात ये. काही झालं तरी ये. संध्याकाळचं काम फार ओढू नकोस.

दादा


११ डिसेंबर

दादा,

तीनशे सत्त्याऐंशी जमले होते. वर पंधरा जास्तीचे होते. मी सकाळी सहाला खिडकीशी जाऊन उभी राहिले, पहिला नंबर. कागद पुन्हा बदललाय. आता पाचशेवीस.

बाकावरच्या वर्तमानपत्रात सगळं वाचलं. आमच्या सरकारनं म्हटलं की आम्ही दोनशेचाळीस घेत असताना तुम्ही तीनशे सत्त्याऐंशी लावले, हा अपमान आहे. म्हणून त्यांनी आपल्या लोकांना पाचशेवीस केले. तीन आठवड्यांत आपल्याकडून उत्तर आलं, परस्पर समान, पाचशेवीस. म्हणजे आता आईचं इकडे यायचं दारही पाचशेवीसचं आणि माझं तिकडे जायचं दारही पाचशेवीसचं. कुणाचंच काही वाईट झालं नाही, सगळं समान आहे.

पण मी अडकले ते दोनशेचाळीसला. ते वाचून मला वाटलं वर्तमानपत्रवाल्यांची चूक असेल. मी तर तीनशे सत्त्याऐंशी भरले होते. घरी आले आणि डब्याच्या तळातून पावत्या काढल्या. तू सांगितलं होतंस म्हणून सगळ्या जपून ठेवल्या होत्या. व्हिसाचे दोनशेचाळीस. एजंटाचे साठ. दाखल्यांच्या भाषांतराचे पंचेचाळीस. कागद तुझ्याकडून येण्याजाण्याचे टपालाचे एकतीस. आणि त्याच दिवशी आईसाठी घेतलेले लोकरीचे मोजे, अकरा. इथं फरशी गार असते म्हणून घेतले होते. सगळं मी त्या दिवशी एकत्र मोजलं होतं आणि चिडून तुला एकच आकडा लिहिला.

दादा, तीनशे सत्त्याऐंशी ही या देशाची फी कधीच नव्हती. जगात कुणाचीच नव्हती. हा आकडा फक्त दोन ठिकाणी होता, माझ्या डोक्यात आणि तुला लिहिलेल्या पत्रात.

मला योगायोग सांगू नकोस. पायऱ्यांचंही सांगू नकोस. काय झालं ते लिही. लेखी.


२ जानेवारी

छोटी,

पत्राला सुरुवात चार वेळा केली.

तुझं मे महिन्यातलं पत्र शुक्रवारी आलं. त्याच दुपारी साहेबांनी बोलावलं. वरून विचारणा होती की तू राहतेस त्या देशात आपल्या लोकांकडून किती घेतात, सोमवारपर्यंत सांगा, म्हणजे आपणही तेवढंच घेऊ. आपल्या तिकडच्या वकिलातीला आम्ही तीन स्मरणपत्रं पाठवली होती, उत्तर नव्हतं. साहेब म्हणाले, काहीतरी लेखी आधार हवा. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "माझ्याकडे लेखी आहे, साहेब. तीनशे सत्त्याऐंशी. माझ्या बहिणीनं स्वतः भरलेत."

त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, आमच्या घरात लिहून दिलेलं चुकत नाही.

टिपणीत मी लिहिलं, विश्वसनीय व्यक्तीकडून लेखी प्राप्त माहितीनुसार. पुढे आईबद्दल एक अक्षर नाही, पण प्रत्येक ओळ मी तिच्यासाठी लिहीत होतो. मला वाटत होतं मी त्यांना धडा शिकवतोय. तू इथली नागरिक राहिलेली नाहीस, त्या धड्याची किंमत तुलाच भरावी लागेल, हे एकवीस वर्षं याच टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. मी तुला आपल्यातलीच धरून चाललो होतो.

अधिसूचना निघाल्यावर नऊ दिवसांनी वकिलातीचं उत्तर आलं. आवक टपाल माझ्याकडेच येतं. दोनशेचाळीस. मी ते घेऊन साहेबांकडे गेलो आणि शुद्धिपत्रक काढू म्हणालो. त्यांनी ते पत्र फाइलीत सगळ्यात खाली घातलं. म्हणाले की आता आकडा कमी केला तर आपण घाबरलो असं दिसेल, आणि आकडा आला कुठून हेही कुणीतरी विचारेल. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, निवृत्तीला किती वर्षं राहिली? मी म्हणालो, चार. तिथून मी गप्प आहे. नोकरी गेली तर आईचे थेंबही जातात, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे. पण मी भित्रा आहे हेही खरं आहे.

पाचशेवीसची टिपणीही माझ्याच अक्षरात आहे. मी लिहिली नसती तर शेजारच्या टेबलावरच्यानं लिहिली असती. तिच्यातही साहेबांनी काही खोडलं नाही.

आता पुढचं लिहितो, कारण तू लेखी मागितलंस. एक जानेवारीपासून दोन्ही देशांनी हमी ठेव लावली आहे, प्रत्येक प्रवाशामागे दोन हजार, सहा महिने अडकून राहणार. पाचशेवीस त्याशिवाय. तुझ्यानं होणार नाही हे मला माहीत आहे. शुल्क आणि ठेव दोन्ही माफ होण्याचा एकच नियम शिल्लक आहे. अर्जदाराच्या आईचं किंवा वडिलांचं निधन झालं असेल तर सात दिवसांचा व्हिसा विनाशुल्क, त्याच दिवशी. तो मी शोधून काढला. का शोधला मला माहीत नाही.

आईचा डावा डोळा बावीस डिसेंबरला गेला. त्या सकाळी तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "मान सरळ कर माझी, काच सापडत नाहीये." मी हनुवटी धरून तिची मान सरळ केली. तिला काही सापडलं नाही. तुझा फोटो भिंगाखाली तसाच आहे. मी उचललेला नाही.

तू मला काहीही लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

दादा


१५ फेब्रुवारी

(दादा, हे पान आईला मोठ्यानं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.)

आई,

दादा तुला हे वाचून दाखवतोय म्हणजे त्याचा आवाज आणि माझे शब्द, असं एकत्र कर. त्याला मधे थांबू देऊ नकोस.

मी कशी दिसते ते तुला सांगते, म्हणजे भिंग लागणार नाही. केस पुढून पांढरे झालेत, मागचे काळेच आहेत. चेहरा भरलाय, तुझ्यासारखा. मावशीसारखा नाही, घाबरू नकोस. डाव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग आहे, रुपयाएवढा, आता दुखत नाही. नाकाला काही झालेलं नाही. हसले की उजवीकडची दाढ दिसत नाही, कारण ती काढली. उंची तेवढीच आहे, तुझ्या खांद्याच्या जरा वर. डोळे मिटून हात वर केलास आणि कपाळापर्यंत आणलास की तिथं मी असते.

उन्हाळ्यात तू इकडे येणार होतीस, मग सप्टेंबरात मी येणार होते, मग डिसेंबरात. आता येईन असं म्हणत नाही. तू दारावरच्या पावलांकडे कान लावून बसतेस असं दादानं मागे लिहिलं होतं. बसू नकोस, आई. मी आले तर दादा तुला आधी सांगेल.

फी का वाढली ते त्याला विचारत राहू नकोस. त्याला माहीत नाही, मलाही माहीत नाही. कुणालातरी कुणाचातरी राग आला होता. तो राग माझ्यासाठी होता आणि मीच तो मागितला होता. ज्यानं केलं त्याच्याही घरी आई असेल, आणि तोही तिला दिवसातून चार वेळा थेंब घालत असेल. त्याच्यावर तू रागावू नकोस. मी रागावून बघितलं, पण फार वेळ टिकत नाही, हातात चादरी असतात.

सोबत मोजे आहेत. गेल्या वर्षीच घेतले होते, इथल्या गार फरशीसाठी. तिकडे फरशी गार नाही हे माहीत आहे, तरी घाल. राखाडी आहेत. टाचेला निळी पट्टी आहे.

तुझी छोटी

(दादा, खालचा कागद फक्त तुझ्यासाठी. वाचायचा नाही.)

दादा,

रोज कामाला जाते. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

तू शोधलेला तो नियम मी उतरवून डब्यात ठेवलाय, पावत्यांच्या जागी. सात दिवस, विनाशुल्क, त्याच दिवशी. आईकडे यायचा माझ्याजवळ आता तेवढा एकच रस्ता उरलाय. खरं आहे ते लिहिते.

दोन्हीकडचे लोक उद्या पुन्हा चिडतील आणि तो नियमही काढायला निघतील. तेव्हा टिपणी तुझ्याच टेबलावर येईल. त्या दिवशी काहीही कर, आजारी पड, फाइल हरव, साहेबांसमोर उभा राहा. तेवढा एक नियम राहू दे.

छोटी